गाण्याचें कुरुक्षेत्र

कल्याण सोडून कर्जतच्या वाटेस लागलेली गाडी पहिल्यानें जेथें थांबते तें विठ्ठलवाडी. स्थानक लहान आहे, आणि वाटसरूनें मुद्दाम उतरून पहावें असें तेथें कांहीं नाहीं. परंतु कोंकणांतून व घाटावरून पोटासाठीं आलेल्या मराठी कुटुंबांच्या चाळी आणि सिंधमधून जीव घेऊन आलेल्या लोकांच्या बराकी अशी जी शेजारवस्ती ह्या भागांत गेल्या पाऊणशें वर्षांत रुजली, तिच्यांत वाढलेल्या माणसाला ‘आपलें’ आणि ‘परकें’ हे शब्द फार बेफिकिरीनें वापरतां येत नाहींत. पुढील मजकूर लिहिण्याचा अधिकार मला वाटतो तो एवढ्यामुळेंच. एरव्हीं मी इतिहास शिकवणारा माणूस. गाण्यांतलें मला कानापुरतेंच समजतें.

शनिवार, ता. ८ सप्टेंबर २०१२. आमच्या शेजारीं एक वृद्ध सिंधी बाई राहत असत; सारी वाडी त्यांना ‘अम्मां’ म्हणे. त्यांचा कॉलेजांत जाणारा नातू त्या रात्रीं आमच्या दारांत येऊन म्हणाला, ‘‘सर, चला लवकर. भारत-पाकिस्तान सुरू होतंय.’’ मला वाटलें क्रिकेटचा सामना असेल. जाऊन पाहतों तों पडद्यावर चेंडूफळी नव्हती. दोन बाजूंस दोन संघ, प्रत्येकाचा एक सेनानायक, आणि दोहोंच्या मध्यें गाण्याचा रंगमंच. कार्यक्रमाचें नांव ‘सुरक्षेत्र’. कुरुक्षेत्रावरून केलेला हा श्लेष लहान मुलाच्याहि ध्यानांत यावा इतका उघड होता.

हा कार्यक्रम उभा केला होता गजेंद्र सिंह ह्यांनीं. १९९५ सालीं ‘झी’ वाहिनीवर ‘सा रे ग म’ ही गायनस्पर्धा सुरू करून घरोघरच्या मुलांना तबलापेटीच्या शिकवणीस लावणारे गृहस्थ ते हेच. ‘सुरक्षेत्र’ भारतांत ‘कलर्स’वर व पाकिस्तानांत ‘जिओ’वर दिसे, चित्रण मात्र दोन्ही देशांच्या बाहेर, दुबईस झालेलें. भारताच्या संघाचे नायक हिमेश रेशमिया, पाकिस्तानच्या संघाचे आतिफ अस्लम. न्यायासनावर तिघी बसल्या होत्या : आशा भोसले, बांगला देशच्या रूना लैला आणि सिंधच्या आबिदा परवीन. योगायोग असा कीं तो दिवस आशाबाईंच्या जन्माचाहि होता. ८ सप्टेंबर १९३३ रोजीं त्या सांगलीकडे जन्मल्या. म्हणजे त्या दिवशीं त्यांना ७९ वर्षें पुरीं झालीं.

असली लढाईची भाषा दूरचित्रवाणीवर नवी नव्हती. २००७ सालीं त्याच ‘सा रे ग म प’च्या एका पर्वाला ‘संगीताचें पहिलें विश्वयुद्ध’ असें नांव दिलें होतें, आणि त्यांत पाकिस्तानचा अमानत अली हा तरुण शेवटच्या तिघांपर्यंत पोंचला होता. त्या वेळीं कोणाचें फारसें बिघडलें नाहीं. पण २००७ आणि २०१२ ह्यांच्या मध्यें २००८ सालचा नोव्हेंबर येऊन गेला होता.

कार्यक्रम सुरू होण्यापूर्वींच महाराष्ट्रांत त्यावर वादळ उठलें. आशाबाईंनीं पाकिस्तानी कलावंतांबरोबर ह्या स्पर्धेंत बसूं नये, असें महाराष्ट्र नवनिर्माण सेनेचे अध्यक्ष राज ठाकरे ह्यांनीं जाहीर सांगितलें. आशाबाईंनीं ‘अतिथि देवो भव’ ह्या वचनाचा आश्रय केला. तेव्हां हें ‘अतिथि देवो भव’ कीं ‘पैसा देवो भव’, असा टोला ठाकरे ह्यांनीं परत दिला. पुढें चार दिवस वर्तमानपत्रांना दुसरा विषय नव्हता. आमच्या प्राध्यापकांच्या खोलींतहि दोन तट पडले. सुशिक्षितांचा एक तट विरोधकांना सरळ हुल्लडबाज म्हणून मोकळा झाला. मला तें न्याय्य वाटलें नाहीं. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यांत मुंबईंत १६६ माणसें मेलीं, आणि त्यांतलीं पन्नासांहून अधिक छत्रपति शिवाजी टर्मिनसवर. विठ्ठलवाडी, अंबरनाथ, बदलापूर येथले चाकरमाने रोज संध्याकाळीं ज्या स्थानकांतून घराकडे निघतात तें हें स्थानक. त्यांतल्या एखाद्यानें ‘चार वर्षेंहि झालीं नाहींत आणि आतां ह्यांच्याशीं गाणें?’ असें विचारलें, तर त्याला संस्कृतीचा धडा देण्यास जाणें हा उद्धटपणा होय. ज्या हंगामांत हा कार्यक्रम झाला त्याच हंगामांत, २१ नोव्हेंबर २०१२ रोजीं, अजमल कसाबला येरवड्यास फांशी दिलें गेलें, हेंहि विसरतां येत नाहीं.

तथापि वाद घालणारे दोन्ही पक्ष एका गोष्टीविषयीं एकमताचे होते, आणि तीच मला संशयास्पद वाटली. गाणें हें देशाचें असतें, आणि गाणारा देशाच्या वतीनें गातो, हें दोघांनींहि गृहीत धरलें होतें. एकाचें म्हणणें, म्हणून गाऊं नये. दुसऱ्याचें म्हणणें, म्हणूनच गावें, म्हणजे मैत्री होईल. वाहिनीनें तर मैत्री आणि युद्ध दोन्ही एकाच ताटांत वाढलीं होतीं. देशादेशांमध्यें गाण्याची लढत लावतां येते काय, आणि लावली तर प्रत्यक्षांत लढतें कोण, हा प्रश्न विचारण्याची कोणास गरज वाटली नाहीं.

ह्या प्रकाराचें मूळ युरोपांत आहे, म्हणून आधीं तिकडे गेलें पाहिजे. दुसरें महायुद्ध संपल्यावर १९५० सालीं युरोपांतल्या निरनिराळ्या देशांच्या नभोवाणी-संस्थांनीं मिळून एक संघ स्थापिला. दूरचित्रवाणी तेव्हां बाल्यांत होती. एका देशांत चाललेला कार्यक्रम त्याच क्षणीं दुसऱ्या देशांत दाखवणें ही मोठी करामत समजली जाई, आणि ही यंत्रणा लोकांच्या अंगवळणीं पडावी तर लोकांना आवडेल असें कांहीं दाखवावयास हवें होतें. इटलींतील सान रेमो येथें १९५१ पासून गीतमहोत्सव भरत असे. त्याच्या धर्तीवर सर्व देशांची एक स्पर्धा भरवावी, ही कल्पना स्विस नभोवाणीचे मार्सेल बेझांसों ह्यांनीं उचलून धरली. २४ मे १९५६ रोजीं स्वित्झर्लंडमधील लुगानो गांवीं पहिली स्पर्धा झाली. सात देश आले, प्रत्येकानें दोन गाणीं आणलीं. मतें गुप्त ठेवलीं, आणि तीं पुढेंहि कधीं प्रसिद्ध झालीं नाहींत. यजमान देशाची गायिका लीस आसिया जिंकली. तेव्हां कोणाला काय वाटलें असेल ह्याची कल्पना करतां येते. पुढच्या वर्षापासून स्वतःच्या देशाला मत देण्याची बंदी झाली!

अकरा वर्षांपूर्वीं एकमेकांच्या शहरांवर बाँब टाकणाऱ्या देशांनीं आपसांत गाण्याला गुण द्यावे, ही गोष्ट लहान नव्हे. परंतु राजकारण दारांतून घालवलें कीं खिडकींतून आंत येतें. १९७८ सालीं पॅरिसच्या स्पर्धेंत इस्रायलचें गाणें सुरू होतांच जॉर्डनच्या दूरचित्रवाणीनें पडद्यावर फुलांचा गुच्छ दाखवला, आणि इस्रायल जिंकणार असें दिसूं लागतांच प्रक्षेपणच बंद केलें. नंतर तेथल्या प्रेक्षकांना बेल्जियम जिंकल्याचें सांगण्यांत आलें. २०२२ सालीं युक्रेनवर सैन्य घातल्याबद्दल रशियाला स्पर्धेंतून काढलें, आणि त्या वर्षीं युक्रेन जिंकला. इतिहासाच्या विद्यार्थ्याला मात्र सर्वांत मनोरंजक वाटावी अशी गोष्ट १९७४ ची. त्या वर्षीं ब्रायटन येथें स्वीडनचा ‘आबा’ हा चमू जिंकून जगप्रसिद्ध झाला. पोर्तुगालचें गाणें अवघे तीन गुण मिळवून तळाशीं राहिलें. परंतु अठराच दिवसांनीं, २४ एप्रिलच्या रात्रीं, लिस्बनच्या नभोवाणीवर तेंच हरलेलें गाणें लागलें. बंडाच्या तयारींत असलेल्या सैनिकांना ठरवून दिलेली ती खूण होती. दुसऱ्या दिवशीं जवळजवळ अर्ध्या शतकाची हुकूमशाही कोसळली. परीक्षकांनीं ज्याला तीन गुण दिले त्या गाण्याचें खरें मोल कोणत्या तागडींत करावें?

असो. ह्या युरोपीय स्पर्धेचें एक वैशिष्ट्य नीट लक्षांत घेण्यासारखें आहे. तेथें लढतें तें गाणें. प्रत्येक देश त्या वर्षीं नवें रचलेलें गीत आणतो, आणि बक्षीस मुख्यतः त्या गीताच्या कर्त्यांचें मानलें जातें. कित्येक वर्षें तर स्वदेशाच्या भाषेंतच गाइलें पाहिजे असा नियम होता. म्हणजे देशादेशांची लढत हा शब्दप्रयोग तेथें निदान अर्थहीन नाहीं. इटालियनांचें गाणें इटालियन असे आणि नॉर्वेचें नॉर्वेजियन.

आतां ‘सुरक्षेत्रा’कडे पहा. दोन्ही सैन्यें एकाच भाषेंत गात होतीं. तिला इकडे हिंदी म्हणावें, तिकडे उर्दू. चित्रपटगीतें, गझला, कव्वाल्या ह्यांचें भांडार दोघांचें एकच, चाली त्याच, वाद्यें तींच, रागहि तेच. भारताच्या सैनिकानें जें अस्त्र उचलावें तें पाकिस्तानच्या सैनिकाच्या भात्यांत आधींच असे. मग लढत होती ती दोन देशांच्या संगीतांची नव्हे. एकाच संगीतांत वाढलेल्या कांहीं तरुण गळ्यांची होती, आणि त्यांच्या अंगावर झेंडे पांघरले होते इतकेंच. त्याच वर्षीं आशियांतल्या नभोवाणी-संघानें सेऊल येथें आपला दूरचित्रवाणी-गीतमहोत्सव सुरू केला. त्यांत प्रत्येक देशानें गावें, पण कोणास गुण देऊं नयेत, अशी तजवीज केली होती. ती गोष्ट आमच्याकडे कोणाच्या कानावरहि आली नाहीं. जेथें कोणी हरत नाहीं तेथें पाहणारे थोडेच!

आम्हां मराठी लोकांस गाण्याच्या लढतीचें वावडें आहे असें मुळींच नाहीं. उलट, कलगी-तुऱ्याचा सामना ज्यानें एकदां ऐकला असेल त्याला दूरचित्रवाणीवरचे हे सामने मुळमुळीत वाटल्यावांचून राहणार नाहींत. दोन फड समोरासमोर बसत. कलगीवाले शक्ति श्रेष्ठ म्हणत, तुरेवाले शिव श्रेष्ठ म्हणत. एकानें डफावर थाप मारून कूटप्रश्न घालावा, दुसऱ्यानें त्याच वृत्तांत, त्याच चालींत उत्तर द्यावें आणि पुन्हां उलट कूट टाकावें. पुराण, वेदान्त, व्याकरण, गणित, कशाचेंहि वावडें नाहीं. रात्र सरली तरी सामना सरत नसे. कोंकणांत तो ‘शक्ति-तुरा’ ह्या नांवानें अजून जिवंत आहे, आणि मुंबईच्या नाट्यगृहांतूनहि चाकरमानी मंडळी पदरचे पैसे मोडून त्याला गर्दी करतात. आमच्या लहानपणीं गणपतीच्या दिवसांत चाळीच्या चौकांत असा सामना होई. दुसऱ्या दिवशीं सकाळीं नळावर पाणी भरतांना बायामाणसें सवाल-जवाबांची उजळणी करीत, आणि जिंकलेल्या फडाइतकीच हरलेल्या फडाचीहि वाखाणणी होई; कारण प्रश्न चांगला नसता तर उत्तर कोठून आलें असतें?

ह्या संप्रदायाची उपपत्ति उत्तरेकडचे ख्यालगायक मोठी सुंदर सांगतात. तुकनगीर नांवाचा गोसावी आणि शाह अली नांवाचा फकीर ह्यांचा वाद चंदेरीच्या राजासमोर लागला. एक शिवाचा पक्ष घेई, दुसरा शक्तीचा. राजाला कोणास श्रेष्ठ म्हणावें तें ठरवतां येईना, तेव्हां त्यानें आपल्या मुकुटाचा तुरा एकाला व कलगी दुसऱ्याला देऊन टाकली. आख्यायिकेला इतिहास म्हणूं नये हें मी विद्यार्थ्यांना नेहमीं बजावतों. परंतु ज्यांनीं ही आख्यायिका जपली त्यांच्या मनाचा तर ती इतिहास आहेच. आणि त्या मनाला असें वाटत होतें कीं गोसावी व फकीर ह्यांच्या सामन्यांत विजेता निघणें आवश्यक नाहीं, आणि दोघांचीं भूषणें मुळांत एकाच मुकुटावरचीं होतीं. आपल्या पेशवाईच्या अखेरच्या शाहिरांत होनाजी गवळी, परशराम शिंपी, आणि सगनभाऊ मुसलमान, धंद्यानें शिकलगार. सगनभाऊची लावणी कोणत्या बाजूच्या खात्यावर मांडावी, हा हिशेब त्या काळीं कोणी केला नाहीं.

दुसरी गोष्ट अलीकडची. १९२१ सालीं मराठी रंगभूमीवर दोन कंपन्यांची मोठी चुरस होती, बालगंधर्वांची गंधर्व नाटक मंडळी आणि केशवराव भोसले ह्यांची ललितकलादर्श. दोहोंच्या भक्तांत तर हाडवैर. त्या वर्षीं ८ जुलै रोजीं मुंबईच्या बालीवाला थिएटरांत टिळक स्वराज्य फंडासाठीं खाडिलकरांच्या ‘मानापमाना’चा संयुक्त प्रयोग झाला, केशवराव धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. तिकिटांचे दर शंभर रुपयांपर्यंत चढले, आणि तो शंभर रुपया आजचा नव्हे! प्रेक्षक आले होते ते अर्थात् कोण कोणाला मारतो हें पाहण्यास. ज्यांनीं तो प्रयोग पाहिला ते पुढें जन्मभर त्याचें वर्णन करीत राहिले. पण कोण जिंकलें ह्याचा निकाल कांहीं लागला नाहीं, कारण निकाल देणारें कोणी नेमलेंच नव्हतें. केशवराव त्याच वर्षींच्या ऑक्टोबरांत वारले. आज दोघांचीं नांवें एका दमांत घेतलीं जातात.

आशाबाई ह्या त्याच रंगभूमीच्या कन्या. त्यांचे वडील मास्तर दीनानाथ ह्यांच्या गाण्यांतली ती तडफदार, टप्प्याच्या अंगानें जाणारी हरकत पंजाबकडची आहे, हें जाणते लोक नेहमींच सांगत आले. आणि पंजाबनेंहि आमच्याकडून कांहीं कमी घेतलें नाहीं. कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुस्कर ह्यांनीं आपलें गांधर्व महाविद्यालय पहिल्यानें काढलें तें पुण्यास किंवा मुंबईस नव्हे, लाहोरास, ५ मे १९०१ रोजीं. मुंबईची पाळी सात वर्षांनीं आली. कसूरचे बडे गुलाम अली खां फाळणींत पाकिस्तानांत राहिले, तेथें मन रमेना म्हणून परतले, आणि मोरारजी देसाई ह्यांच्या साहाय्यानें भारताचे नागरिक झाले. खांसाहेबांची ठुमरी ते सरहद्द ओलांडण्यापूर्वीं कोणाची होती आणि नंतर कोणाची झाली, ह्याचें उत्तर ज्याला देतां येईल त्यानेंच ‘सुरक्षेत्रा’ची गुणपत्रिका भरावी!

पण आमच्या विठ्ठलवाडीकडे परत येतों; कारण मला हा प्रश्न पुस्तकांनीं शिकवला नाहीं, अम्मांनीं शिकवला.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत कल्याणजवळ सैन्यासाठीं एक मोठी छावणी बांधली गेली. युद्ध संपलें, सैनिक गेले, बराकी ओस पडल्या. १९४७ नंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना सरकारनें तेथें आणून ठेवलें. सुमारें एक लाख माणसें त्या छावणींत आलीं. ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर-जनरल राजगोपालाचारी ह्यांनीं त्या वस्तीला उल्हास नदीवरून उल्हासनगर असें नांव दिलें. तरी लोकांच्या तोंडीं ‘कॅम्प’ हा शब्द राहिला तो राहिलाच. अजून पत्ता सांगतांना कॅम्प नंबर अमुक, बराक नंबर अमुक असेंच सांगतात. ह्या लोकांनीं लोणचीं-पापड विकून, कापड विकून, आणि पुढें हरएक विलायती वस्तूची हुबेहूब नक्कल करून जो संसार उभा केला त्याची थट्टा पुष्कळ झाली. त्यांनीं बरोबर काय आणलें होतें, ह्याची विचारपूस आम्हां शेजाऱ्यांनींहि फारशी केली नाहीं.

अम्मां शिकारपूरच्या. कराचीहून बोटीनें मुंबईस उतरल्या तेव्हां त्या बारा-तेरा वर्षांच्या होत्या. त्यांच्या वडिलांनीं भगत कंवररामांचें गाणें ऐकलेलें. हे कंवरराम म्हणजे सिंधचे मोठे लोकगायक. पायांत घुंगरू बांधून रात्ररात्र गात, आणि त्यांच्या गाण्याला हिंदू-मुसलमान दोघेहि बसत. १ नोव्हेंबर १९३९ रोजीं रुक स्थानकावर आगगाडीच्या डब्यांत त्यांना गोळ्या घालून मारलें. अम्मांच्या देव्हाऱ्यांत झुलेलालच्या तसबिरीशेजारीं त्यांची तसबीर होती. आगगाडीच्या स्थानकांत झालेल्या खुनांविषयीं त्या बाईंना कांहीं नव्यानें समजावून सांगण्याची आवश्यकता नव्हती.

त्या रात्रीं पडद्यावर तिघी परीक्षक आल्या. नातवानें नांवें सांगितलीं. आशाबाईंना अम्मां ओळखत होत्या. त्यांना न ओळखणारें कोण आहे? रूना लैला म्हणतांच त्या हंसल्या. १९७० नंतरच्या दशकांत रूनाबाईंनीं सेहवणच्या शाहबाज कलंदराची प्रसिद्ध धमाल गाऊन सारा हिंदुस्थान डोलवला होता. त्या गाण्यांत कलंदराला झुलेलाल म्हणून हांक आहे. उल्हासनगरच्या लग्नाच्या वरातींत तें वाजल्यावांचून वरात पुढें सरकत नाहीं. सिंधमधल्या मुसलमान अवलियाचें गाणें, बंगालची बाई गाते, आणि महाराष्ट्रांत सिंधी हिंदूंच्या वरातींत तें वाजतें! मग आबिदा परवीन ह्यांचें नांव आलें. अम्मां पुढें सरकून बसल्या. ‘‘लाडकाण्याची ना ही?’’ त्यांनीं विचारलें. नातू म्हणाला, ‘‘अम्मां, ती पाकिस्तानची आहे.’’ अम्मां म्हणाल्या, ‘‘तेंच तर मी म्हणतें. लाडकाण्याची. आमच्यापासून जवळ.’’

सिंधींत ‘सूर’ ह्या शब्दाला एक निराळा अर्थ आहे. शाह अब्दुल लतीफ ह्यांचा ‘रिसालो’ म्हणजे सिंधी भाषेची ज्ञानेश्वरीच म्हणा. त्याच्या अध्यायांना ‘सूर’ म्हणतात. त्यांत एक सूर मारुईचा आहे. मलीरची ही गरीब मुलगी उमरकोटच्या राजानें पळवून नेली, महालांत ठेवली, रेशीम दिलें, दागिने दिले. तिनें अंगावरची घोंगडी सोडली नाहीं, केंसांना तेल लावलें नाहीं, रात्रंदिवस आपल्या माणसांची व आपल्या पावसाची आठवण काढीत राहिली. शेवटीं राजानें हात टेकले व तिला घरीं पोंचवलें. फाळणीनंतर इकडे आलेल्या सिंधी माणसाला ही कथा आपली वाटावी ह्यांत नवल नाहीं. फरक इतकाच कीं ह्यांना परत पोंचवणारा राजा कोणी नव्हता, आणि मलीर आतां दुसऱ्या देशाच्या नकाशांत होतें. आबिदाबाईंनीं लतीफचे सूर जन्मभर गाइले. अम्मांच्या घरीं त्यांची एक जुनी ध्वनिफीत होती. ती इतकी वाजवलेली कीं मधल्या भागांत आवाज बुडून नुसती खरखर ऐकूं येई. अम्मां त्या जागीं स्वतः म्हणत.

आतां विरोधकांचा प्रश्न अम्मांना विचारून पहा. त्यांनीं कोणत्या देशावर प्रेम करावें? त्यांचें मत, त्यांचें रेशनकार्ड, त्यांच्या नवऱ्याचें आणि मुलाचें सारें कष्टाचें आयुष्य ह्या देशांत गेलें. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत कॅम्पांतल्या बायकांबरोबर त्यांनीं जवानांसाठीं स्वेटर विणले होते. त्यांच्या देशभक्तीला माझ्या प्रमाणपत्राची गरज नव्हती. परंतु त्यांच्या कानांतलें गाणें सरहद्दीपलीकडलें होतें, आणि तें त्यांनीं चोरून आणलेलें नव्हतें. तें त्यांचेंच होतें. दोन सेना उभ्या करून गाणें वांटलें, कीं अशा माणसाला उभें राहण्यास जागा उरत नाहीं. विरोध करणाऱ्यांनीं हें पाहिलें नाहीं, आणि कार्यक्रम भरवणाऱ्यांनीं तर तेंच विकावयास काढलें होतें.

पुढें काय झालें तें थोडक्यांत सांगतों. ऑक्टोबर २०१५ मध्यें मुंबईंत षण्मुखानंद सभागृहांत ठरलेला गुलाम अली ह्यांचा कार्यक्रम शिवसेनेच्या विरोधामुळें रद्द झाला. तो जगजित सिंह ह्यांच्या स्मरणार्थ होता. २०१६ सालीं उरीचा हल्ला झाला व त्यानंतर पाकिस्तानी कलावंतांना चित्रपटांत घेऊं नये असा ठराव निर्मात्यांच्या संघटनेनें केला. २०१९ सालीं पुलवाम्यानंतर ती बंदी पक्की झाली. २०२५ सालीं पहलगामला प्रवाशांची हत्या झाली आणि राहिलेलेहि दोर तुटले. ह्या प्रत्येक वेळीं मेलेल्यांचीं घरें खरीं होतीं आणि राग खरा होता. परंतु ‘सुरक्षेत्रा’ला दुसरें पर्व लाभलें नाहीं ह्याचें मला दुःख झालें नाहीं, हें मी कबूल करतों.

त्या स्पर्धेचा निकाल आम्हीं अम्मांच्याच घरीं पाहिला. भारताच्या बाजूला पंजाबचा दिलजान हा मोठ्या गुणाचा गायक होता. २०२१ सालीं मोटारीच्या अपघातांत तो तरुणपणींच गेला. जिंकला पाकिस्तानचा नबील शौकत अली. कोठें दगड पडला नाहीं, कोठें फटाका वाजला नाहीं. दुसऱ्या दिवशीं गाडींत त्याविषयीं एक अक्षर कोणी बोललें नाहीं. नातवाला मात्र फार लागलें. निकाल ऐकतांच त्यानें रागानें टी.व्ही. बंद केला, आणि हातांतली कळपेटी खाटेवर फेकून तो बाहेर गेला.

अम्मांनीं मला ती उचलून द्यायला सांगितली. ‘‘मास्तर, लावा बरं परत,’’ त्या म्हणाल्या. ‘‘ती लाडकाण्याची शेवटीं गाईल एखादें. एवढा वेळ बसून राहिली आहे बिचारी.’’ मीं लावला. साबणाची जाहिरात चालली होती. आम्ही दोघें ती संपण्याची वाट पाहत बसलों.